पाहुण्याला सांगितलेला नियम

गाडी चालवण्याबद्दल कोणी काही विचारलं की अलीमियाँची छाती फुगायची. नाही विचारलं तरी ते सांगायचेच. उमेदीची सगळी वर्षं मस्कतला ड्रायव्हर म्हणून गेलेली. परत आल्यावर त्यांनी काशीदच्या अलीकडे रस्त्याला लागून घर बांधलं आणि दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. खोलीबरोबर सल्ला फुकट. घाटात कुठला गिअर टाकायचा, वाळूत गाडी का घालायची नाही, एसटी समोर आली तर काय करायचं, हे ऐकल्याशिवाय पाहुण्याच्या हाती खोलीची चावी पडत नसे. त्यांची बायको फिरोजा म्हणायची, "खोल्या कशाला बांधल्यात? ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावायची होती."

पण कैस आला तेव्हा फिरोजासुद्धा काही बोलली नाही. कैस हा मस्कतच्या मालकाचा मुलगा. त्याला शाळेत सोडायला, आणायला अलीमियाँच. पुढे वाळवंटात मोकळ्या जागी नेऊन त्याला गाडी चालवायला शिकवली तीही अलीमियाँनीच. आता मालकाचं डोळ्यांचं ऑपरेशन मुंबईत झालं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून म्हातारा दवाखान्यात पडलेला, आणि मुलगा दोन दिवसांची सवड काढून, भाड्याची गाडी घेऊन, एकटा चालवत आपल्या जुन्या ड्रायव्हरला भेटायला आला होता. अलीमियाँनी त्याला मिठी मारली तेव्हा सल्ला द्यायचंही ते विसरले.

कैसला हिंदीचे दोन-चार शब्द यायचे, तेही विमानतळापुरते. बोलणं सगळं अरबीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला आणि पडवीत तास भरला. कैसला मुरुडचा किल्ला बघायला जायचं होतं, एकट्याने, स्वतः गाडी चालवत. त्याच्या देशात गाड्या उजवीकडून चालतात, स्टिअरिंग डावीकडे असतं. इथे सगळं उलटं. "वळताना दिवा लावायला जातो आणि वायपर चालू होतो," तो म्हणाला. "मुंबईहून इथवर काच पुसत आलोय."

अलीमियाँ खूश झाले. हा त्यांचा प्रांत. "डावी बाजू नुसती डोक्यात ठेवून भागत नाही," ते म्हणाले, "हातात बसावी लागते. माणूस घाबरला की हात जुन्या सवयीकडे धावतात." मग एकेक सुरू झालं. समोरच्याने दिवा मारला तर तो 'ये' म्हणत नाही, 'मी येतोय, तू थांब' म्हणतो. चौकात चारी दिवे लुकलुकत असतील तर गाडी बिघडली असं समजू नको, तो सरळ जाणार आहे. गतिरोधकावर पट्टे असतीलच असं नाही. एसटीशी हुज्जत घालायची नाही. कैस शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता.

पायरीवर बाळाजी बसला होता. बाळाजी समोरच्या घरातला. थोडी भातशेती, आठ-दहा माड. त्याची बायको मनुबाई किनाऱ्यावरच्या टपऱ्यांजवळ शहाळी विकायची. अलीमियाँ परदेशी असताना फिरोजाच्या बाळंतपणात रिक्षा शोधत धावला होता तो बाळाजीच. पाहुणा आल्याचं कळल्यावर तो शहाळी घेऊन आला होता आणि कोयत्याने एकेक फोडून कैसच्या हातात देत होता.

"काय सांगतोस रं त्याला एवढं?" बाळाजीने विचारलं.

"रस्त्याचे नियम."

"मंग माझा बी एक सांग. खालच्या वळनावर हॉर्न मार म्हनावं. म्हशी बसल्याल्या असतात."

अलीमियाँनी ते अरबीत सांगितलं. कैसने बाळाजीकडे बघून छातीवर हात ठेवला.

इथेच तास संपायला हवा होता. पण अलीमियाँना गप्प कधी बसावं ते समजत नसे, आणि दुसरी एक जुनी सवय होती. मस्कतला मालकाच्या बैठकीत मित्रमंडळी जमली की ते हिंदुस्तानच्या गमती विचारायचे. अलीमियाँ सांगायचे. तिथली गर्दी, तिथले रस्ते, तिथली माणसं. जितकं तिखटमीठ लावावं तितके लोक हसायचे, आणि हसले की ड्रायव्हरलाही बैठकीत खजूर, कहवा मिळायचा. आपल्या माणसांचं हसं करून परक्यांत जागा मिळवायची, ही सवय लागते ती कळतही नाही.

"आणि शेवटचं," अलीमियाँ अरबीत म्हणाले. "कोणाला धक्का लागला तर थांबायचं नाही. उतरायचं तर मुळीच नाही. इथले लोक आधी मारतात, मग विचारतात. सरळ पोलीस ठाणं गाठायचं."

कैसने डोळे मोठे केले. त्याची नजर पायरीवरच्या बाळाजीकडे गेली. "हेसुद्धा?"

"सगळे," अलीमियाँ म्हणाले आणि हसले. कैस हसला. ते दोघे हसतायत म्हणून बाळाजीही हसला आणि त्याने आणखी एक शहाळं फोडलं.

खरं सांगायचं तर या वाडीने आजवर कुठल्या ड्रायव्हरला हात लावला नव्हता. गेल्या वर्षी पुण्याच्या एका गाडीने टपरीवाल्या दीपेशची म्हैस उडवली. आरडाओरडा झाला, शिव्या झाल्या. पण गाडीतल्या बाईला चक्कर आली तेव्हा मनुबाईनेच तिला कांदा हुंगवला आणि दीपेशने पोरांना घेऊन गाडी गटारातून वर काढली. अलीमियाँ स्वतः तिथे उभे राहून, गाडी कशी काढावी ते सांगत होते. त्यांना सगळं माहीत होतं. माहीत असून ते तसं बोलले.

कैस गाडी घेऊन निघाला होता आणि दुपारची जेवणं होऊन वाडी आडवी झाली होती. बाळाजी परत येऊन पडवीत पान लावत बसला होता, तेवढ्यात दीपेशची मोटारसायकल दारात येऊन थांबली. त्याच्या शर्टावर रक्त होतं.

"बाळाजीकाका, चल! काकीला गाडीनं उडवलं!"

बाळाजीच्या हातातला चुना खाली पडला.

"खालच्या वळनावर," दीपेश धापा टाकत होता. "समोरनं एसटी आली नि ही गाडी डावीकडं दबायचं सोडून उजव्या अंगाला घुसली. काकी त्या कडेनंच येत व्हती. नि मेला पळाला! पांढरी गाडी व्हती. पाऊस न्हाय, पानी न्हाय, नि वायपर चालू!"

बाळाजी त्याच्या मागे बसला आणि मोटारसायकल गेलीसुद्धा. अलीमियाँ जागचे हलले नाहीत. वायपर म्हटल्याबरोबर त्यांना सगळं कळलं होतं. घाबरलेले हात कुठे धावले, तेही कळलं. आणि पळाला तो का पळाला, हे या साऱ्या मुलखात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. बाळाजी समोर होता तेव्हा त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं.

मनुबाई बराच वेळ रस्त्यातच पडून होती. आडवार, म्हणजे सुट्टीचा दिवस नसल्याने पर्यटकांच्या गाड्या नव्हत्या. शेवटी विनेशचा मासळीचा टेम्पो आला, त्यात रिकामे क्रेट बाजूला सारून तिला झोपवली आणि अलिबागला नेली. मांडीचं हाड मोडलं होतं आणि रक्त फार गेलं होतं. आजची रात्र निघाली पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. वाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं: चूक कोणाचीही होते, पण थांबला असता तर त्याच्याच गाडीतून नेली असती.

तोवर अलीमियाँना पोलीस ठाण्यावरून फोन आला होता. एक परदेशी माणूस स्वतःहून गाडी घेऊन आलाय, रडतोय, मोबाइलमधलं भाषांतर धड लागत नाही, तुमचं नाव घेतोय.

कैस बाकड्यावर बसला होता. अलीमियाँना बघताच उठला आणि त्यांचे दोन्ही हात धरले. समोर साहेब, बाजूला मनुबाईचा मुलगा राहुल. राहुल माणगावला कंपनीत होता, तिथून तसाच ड्युटीच्या कपड्यांत आला होता. बाळाजी अलिबागला बायकोपाशी होता.

"विचारा त्याला," साहेब म्हणाले, "अपघात झाल्यावर जखमीला टाकून का पळाला?"

अलीमियाँनी विचारलं. कैस बोलत सुटला. "मला जायचं नव्हतं. पण माणसं धावत आली आणि तुमचं बोलणं आठवलं. थांबू नको, सरळ ठाण्यावर जा. तुम्ही सांगितलं तेच केलं मी. सांगा त्यांना. ती बाई कशी आहे? जिवंत आहे ना? माझे वडील तिकडे एकटे आहेत, त्यांना काही दिसत नाही. पण आधी ती बाई कशी आहे ते विचारा."

सगळे अलीमियाँकडे बघत होते.

"तो... घाबरला म्हणतो," अलीमियाँ म्हणाले.

"एवढंच?" साहेबांनी विचारलं.

"एवढंच."

"घाबरला?" राहुल उठला. "माझी आई रस्त्यात पडलेली नि हा घाबरला? चाचा, तुमचा पाहुणा आहे म्हणून गप्प बसलोय."

कैसने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"आई आहे त्याची."

"मी का गेलो, ते सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं."

"मग तो माझ्याकडे असं का बघतोय?"

अलीमियाँनी खाली फरशीकडे बघितलं. आयुष्यात ते कधी खोटं बोलले नव्हते असं नाही, पण एका श्वासात दोन भाषांत खोटं बोलायची ही पहिलीच खेप. साहेबांनी पासपोर्ट ठेवून घेतला. बाईचं काही बरंवाईट झालं तर प्रकरण जड जाईल, असं ते म्हणाले, आणि पळून गेला ही गोष्ट त्याच्या सगळ्यात विरोधात जाणार होती.

घरी आल्यावर फिरोजाने पाणी दिलं आणि समोर बसली. "तो पोरगा तुमचं बोलणं खाली पडू देत नाय. थांबला का नाय मग?"

त्यांनी सांगून टाकलं. फिरोजाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बाळाजी बसलेला तिथं," ती म्हणाली. "मी चाय दिली त्याला. त्याच्या तोंडावर बोललात तुम्ही ते?" मग बराच वेळ तिने नवऱ्याचा असा काही उद्धार केला की शेजारी ऐकायला असते तर मजा वाटली असती. पण शेवटी तिचा आवाज उतरला. "आता गप बसा. पोरगा सुटेल आज ना उद्या, जाईल आपल्या मुलखात. आपल्याला इथंच राहायचंय, त्यांच्या समोर."

अलीमियाँना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची इतकी शरम वाटली की त्यांना जेवण गेलं नाही. नमाजाला उभे राहिले तर कानात बाळाजीचं हसणं.

मनुबाई निभावली. दुसऱ्या दिवशी फिरोजाने दिलेली पेज घेऊन अलीमियाँ अलिबागच्या दवाखान्यात गेले तेव्हा ती शुद्धीवर होती. पाय वजन लावून वर बांधलेला, तोंड पांढरंफटक, पण बोलत होती. पलीकडे बाळाजी आणि राहुल.

"ये अलीभाय," बाळाजीने सरकून बाकड्यावर जागा केली. पाहुण्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. अलीमियाँ बसले नाहीत.

"पाव्हना कुठं हाय तुमचा?" मनुबाईने विचारलं.

"ठाण्यावर."

"पळाला तो आई," राहुल म्हणाला, "त्याचं काय विचारतेस?"

"पळाला खरा. पन आदी उतरला व्हता."

तिघेही तिच्याकडे बघायला लागले.

"उतरला व्हता," मनुबाई थांबत थांबत सांगू लागली. "गाडीच्या आडोशाला माझं डोस्कं मांडीवर घेतलंन, पोरांना दिसलं नसंल. कायबाय बोलत व्हता, रडत व्हता. मला उचलून गाडीत घालाया बघत व्हता. तेवढ्यात टपऱ्यांवरनं दीपेश नि बाकीची पोरं धावत आली. शहाळी फोडता फोडता उठल्याली, हातात कोयते तसंच. ते बघून त्याचं तोंड असं झालं, काय सांगू. मला हलकेच खाली ठेवलंन नि गेला." तिने दम घेतला. "पोरं मला उचलाया येत व्हती. त्याला वाटलं मारतात. असं कसं वाटलं त्याला?"

"परका मानूस," बाळाजी म्हणाला. "त्याला काय म्हाईत आपली रीत? भ्याला असंल. सोड."

उत्तर आयतं मिळालं होतं. अलीमियाँनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बाळाजी माफ करायला बसलाच होता, आणि माफी चुकीच्या कारणासाठी मिळत होती. ते त्यांना सोसेना.

"मी सांगितलं त्याला," ते म्हणाले.

"काय?"

"थांबू नको म्हणून. इथले लोक मारतात म्हणून. त्याला थांबायचं होतं. मी सांगितलं म्हणून गेला. काल ठाण्यावर त्यानं हेच सांगितलं आणि मी ते साहेबांना बोललो नाय."

बाळाजीला समजायला वेळ लागला. "कवा सांगितलंस?"

"काल सकाळी. पडवीत."

"मी व्हतो की तवा."

"व्हय."

"मी शहाळं फोडत व्हतो त्याला."

"व्हय."

"तुमी दोघं हसलात." बाळाजी एकेक शब्द शोधून बोलत होता. "मी बी हसलो. मला वाटलं, पोराला काय गंमत सांगितलीस."

अलीमियाँचे डोळे भरून आले, पण रडायचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. राहुल ताडकन उठला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या आणि तो अलीमियाँच्या अंगावर यायला एक पाऊल पुढे झाला. अलीमियाँनी तोंड चुकवलं नाही. एक बसली असती तर बरंच वाटलं असतं.

"बस खाली," बाळाजी म्हणाला.

"बाबा, ह्यांच्यामुळं आई..."

"बस म्हनतो ना. आपन मारतो, असंच सांगितलंय त्यानं. बस."

राहुल बसला. मनुबाईने तोंड भिंतीकडे वळवलं. पेजेचा डबा कोणी उघडला नाही.

बाळाजी त्याच दिवशी ठाण्यावर गेला. अलीमियाँनीही जाऊन साहेबांना कालचं गाळलेलं सगळं सांगितलं, आणि कैसलाही सांगितलं की मी तुला खोटं शिकवलं, इथे कोणी तुला मारलं नसतं. कैस त्यांच्याकडे बघत राहिला. मनुबाईचा जबाब घ्यायला हवालदार दवाखान्यात आले. तो उतरला होता, उचलत होता, हे तिने स्वतः सांगितलं आणि वारा बदलला. गुन्हा होता तो राहिलाच, पण जामीन झाला, आणि म्हाताऱ्या बापाला भेटायला जायची मोकळीक मिळाली.

मुंबईला जाण्याआधी कैस दवाखान्यात आला. राहुलच त्याला घेऊन आला होता. अलीमियाँ आधीपासून दाराशी उभे होते. रोज यायचे, दाराशीच उभे राहायचे. कैस खाटेजवळ जाऊन थांबला. काय बोलावं, कसं बोलावं ते त्याला सुचेना. त्याने वळून अलीमियाँकडे बघितलं. अलीमियाँ पुढे झाले. आता तरी एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

बाळाजीने हात आडवा केला.

"तू नको," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या तोंडानं नको. माझं मी सांगतो."

त्याने कैसला हाताला धरून स्टुलावर बसवलं. मनुबाईकडे बोट दाखवलं, खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे दाखवलं, मग दोन्ही तळवे खाली दाबले. "थांबायचं. काय? आमच्याकडं थांबायचं. आमी हाय."

कैसला त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्याचे डोळे वाहत होते. "थांबायचं," तो बाळाजीच्या तोंडाकडे बघत, अडखळत म्हणाला. मनुबाईने सुई टोचलेला हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. मग ती मराठीत काहीतरी विचारत राहिली, घरी कोण कोण असतं, बापाचे डोळे कसे आहेत, आणि तो अरबीत काहीतरी सांगत राहिला. एकाचं दुसऱ्याला समजत नव्हतं.

अलीमियाँना दोघांचंही समजत होतं. त्यांना कोणी काही विचारलं नाही.